चुंबळ घेऊन जर्मनीला

सोलापूर

माझा भाचा ओंकार याचे जर्मनीत ऑपरेशन झाले, ही बातमी आमच्या घरात दोन आवृत्त्यांत आली. पहिली ओंकारने स्वतः फोनवर दिली. माकडहाडाच्या जरा वर, दोन्ही कुल्ल्यांच्या मधल्या खाचेत केस कातडीत रुतले होते, आत पोकळी होऊन तिने पू धरला होता आणि डॉक्टरांनी ती सगळी कापून काढली. दुसरी आवृत्ती माझ्या थोरल्या बहिणीने, कुंदाताईने, फोन ठेवल्यावर तयार केली आणि नातेवाइकांना कळवली : "ओंकारचं पाठीचं छोटंसं ऑपरेशन झालं."

मी एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो. ठिकाण चुकवून दिलेली बातमी पुढे दुरुस्त करायला मूळ बातमीपेक्षा जास्त जागा लागते, हे मी ताईला तेव्हाच सांगितले.

"मग काय, त्या जागेचं नाव घेऊ चारचौघांत?" ताई म्हणाली. "लग्न तोंडावर आलंय."

लग्न ओंकारचेच होते. मुलगी शर्वरी, माहेर मंगळवेढा, नोकरी सोलापुरात बँकेत. विधी नानागुरुजी सांगणार होते. एकही मंत्र न गाळण्याबद्दल ते प्रसिद्ध आहेत. त्यांनी लावलेल्या लग्नात जेवणाची पहिली पंगत उठून घरी जाते तरी कन्यादान चालू असते. तेवढा वेळ नवऱ्या मुलाने पाटावर मांडी घालून बसायचे असते.

अडचण पुढे होती. डॉक्टरांनी पोकळी कापली, पण जखम शिवली नाही. ती उघडी ठेवली होती, तळापासून आपोआप भरून येण्यासाठी. ताईचे यजमान, आमचे दाजी, शाळेत हेडक्लार्क होते. अर्धवट राहिलेले काम त्यांना सहन होत नाही.

"शिवली नाही म्हणजे काय?" दाजी म्हणाले. "आमच्याकडं गादीवालासुद्धा तोंड उघडं ठेवून गादी परत देत नाही."

"भरतेय म्हणे," मी म्हणालो.

"म्हणे काय? तू पेपरवाला. जाऊन डोळ्यांनी बघून ये. आणि एवढंच सांग, पोरगा पाटावर बसेल का नाही."

अशा रीतीने मी जर्मनीला गेलो. व्हिसाच्या रांगेचे वर्णन गाळतो.

सामानात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि एक चुंबळ होती. डोक्यावर घागर ठेवताना बायका खाली कापडाचे गोल वेटोळे ठेवतात, ती चुंबळ. ताईने जुनी सोलापुरी चादर पिळून, वळून, टाके घालून तिची बसण्याच्या मापाची आवृत्ती काढली. मधली मोकळी जागा दुखऱ्या भागासाठी. चादरीवर मोर होता. त्याची मान नेमकी आतल्या कडेला आली.

मुंबईचा विमानतळ

तपासणी करणाऱ्या जवानाने चुंबळ मशीनमधून दोनदा फिरवली, दाबून पाहिली आणि विचारले, "ये क्या है?" मी ती डोक्यावर ठेवून दाखवली. त्याचे समाधान झाले. दुसरा उपयोग दाखवावा लागला नाही.

विमानात मी तिच्यावर बसून पाहिले. निष्कर्ष अनुकूल होता. शेजारच्या गृहस्थांनी थोड्या वेळाने "जरा देता का?" असे विचारले. ती परत मिळवायला उतरण्याची वेळ आली.

ओंकारचे गाव

गाव दक्षिण जर्मनीत, मध्यम आकाराचे. मधून नदी, बाजूला डोंगर, डोंगरावर द्राक्षे. आपल्या जिल्ह्यातली द्राक्षे सपाट रानात मांडवाखाली पसरतात. तिथली उतारावर काठ्यांना बांधून उभी केलेली असतात. ओंकारही उभा होता. स्टेशनवर उभा, ट्राममध्ये जागा रिकामी असून उभा, घरी पुस्तकांच्या चळतीवर लॅपटॉप ठेवून कामालाही उभा. जेवायला आम्ही ओट्याशी उभे राहिलो. आपल्याकडे ही पद्धत बुफेपुरती मर्यादित आहे.

"बसतोस कधी?" मी विचारले.

"थोडा वेळ. एका बाजूवर. मामा, तुम्ही बसा ना, माझ्यामुळं उभं राहू नका."

मी चुंबळ काढून दिली. त्याने ती उलटसुलट पाहिली, मोर ओळखला आणि म्हणाला, "ही माझी लहानपणीची चादर आहे." त्यानंतर तो काही वेळ तिच्यावर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाव आणायला गेलो. दुकानात रांग होती. काउंटरमागच्या बाईंनी ओंकारला पाहिले आणि लांबूनच मोठ्याने काहीतरी विचारले. ओंकारने तितक्याच मोठ्याने उत्तर दिले. रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी मागे वळून दोन वाक्ये जोडली.

"काय म्हणतायत?" मी विचारले.

"ती विचारते, भोक किती राहिलं. हे आजोबा म्हणतायत, त्यांच्या मेहुण्याचं नाताळपर्यंत भरलं नव्हतं, पण तो सायकल चालवायचा. मी चालवत नाही ना, हे त्यांना हवंय."

"यांना तू सांगितलंस?"

"ऑफिसात, जिममध्ये, सगळ्यांना सांगितलं. नाहीतर उभा का, विचारत राहतात."

रांगेत मंगळवेढ्याचे कोणी नाही, याची मी खात्री करून घेतली.

हेल्गाबाई

जखमेची रोजची पट्टी वरच्या मजल्यावरच्या हेल्गाबाई बदलतात, हे मला कळवण्यात आले नव्हते. या बाई निवृत्त परिचारिका. सकाळी त्यांनी दार वाजवले, हातमोजे चढवले आणि ओंकारला पालथे झोपायला सांगितले. मी बाहेर जाऊ लागलो तेव्हा त्यांनी मला बोटाने जवळ बोलावले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या,

"तुम्ही मामा ना? एवढ्या लांबून हेच बघायला आलात. मग बघा."

पाहिले. जखम उभट होती. तळ लाल आणि ओलसर, कडा स्वच्छ. आजूबाजूचे केस काढलेले. हेल्गाबाईंच्या सांगण्यानुसार सुरुवातीला त्यात अक्रोड मावला असता, आता शेंगदाणा मावेल. हे माप सोलापूरला कळवायला सोयीचे होते.

पट्टी बदलता बदलता बाई दुसऱ्या विषयावरही बोलत होत्या. आवाज चढला तेव्हा मला काळजी वाटली. ओंकारने उशीतूनच भाषांतर केले : मी आदल्या दिवशी दह्याचा डबा कागदाच्या कचऱ्यात टाकला होता. माझ्या भाच्याची खाच आणि माझा कचरा, दोन्हींबद्दल त्या सारख्याच गांभीर्याने बोलत होत्या.

नंतर कॉफी झाली. त्यांना कडक भाकरी दिली. त्यांनी ती मोडली, तिचा आवाज ऐकला, वर लोणी आणि शेंगाचटणी घातली आणि दुसरी मागितली. जखम भरेपर्यंत पोट साफ राहिले पाहिजे, कुंथायचे नाही, त्यामुळे ही वस्तू औषधी आहे, असे मत त्यांनी दिले. ताईला हे सांगितले तेव्हा जर्मनीबद्दलचे तिचे मत पहिल्यांदा सुधारले.

ते मत टिकले मात्र नाही. त्याच व्हिडिओ कॉलमध्ये मी माझा वृत्तांत दिला.

"शेंगदाण्याएवढी राहिलीय," मी म्हणालो.

"सोललेला का टरफलासकट?" दाजींनी विचारले.

मी हेल्गाबाईंना विचारून घेतले. सोललेला.

"आणि स्वच्छता?"

"रोज शॉवर. फवाऱ्याची धार थेट जखमेवर धरायची. डॉक्टरांनीच सांगितलंय."

मग ताईचा आवाज आला. "पाणी? उघड्या जखमेला नळाचं पाणी? अरे, साधं खरचटलं तरी आम्ही आठ दिवस डोक्यावरून आंघोळ करत नाही!"

"आई, डोक्यावरून नाही, खालून," ओंकार म्हणाला.

"तू गप्प बस!"

"बसता येत नाही ना," ओंकार म्हणाला आणि कॉल कट झाला. तिकडून झाला की इकडून, हे स्पष्ट झाले नाही.

मागाहून शर्वरीचा फोन आला. तिला सगळे ठाऊक होते. ओंकार रोजच्या पट्टीच्या वेळी तिला जखमेचा फोटो पाठवत असे आणि ती आदल्या दिवसाच्या फोटोशी ताडून पाहत असे.

"मामा, बातमी चांगली नाही," ती म्हणाली. "टेंभुर्णीच्या आत्यांकडं पाठीचं ऑपरेशन पोचलं तेव्हा मणका सरकला होता. नातेपुत्याला पोचलं तेव्हा कमरेखाली संवेदना नव्हत्या. आमच्या घरी आलंय ते असं की मुलगा चालतच नाही. अण्णा म्हणतात, लग्न थांबवा."

अण्णा म्हणजे तिचे वडील.

"तू त्यांना खरं सांगितलं नाहीस?"

"पाठ ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. मग ऑपरेशन कशाचं, असं विचारलं."

"मग?"

"मग काय मामा, वडिलांना फोटो दाखवू?"

दवाखाना

पुढची तपासणी दोन दिवसांनी होती. डॉक्टर आयलिन. जन्म जर्मनीतला, आईवडील तुर्कस्तानातून आलेले. त्यांनी जखम पाहिली, समाधान व्यक्त केले आणि मला विचारले की मी इतक्या लांबून कशासाठी आलो. मी सांगितले. त्यांना पाटाची कल्पना येईना, म्हणून मी तपासणीच्या खोलीत जमिनीवर मांडी घातली. ताठ, दोन्ही हात जोडून, समोर होम आहे असे समजून.

डॉक्टर वाकून माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी दार उघडून आणखी एका डॉक्टरांना बोलावले. त्यांनीही पाहिले.

"असं किती वेळ?" डॉक्टरांनी इंग्रजीत विचारले.

"गुरुजींवर अवलंबून आहे."

"आमच्याकडं पेशंटला खुर्चीवर कधी बसता येईल एवढाच हिशेब असतो," त्या म्हणाल्या. "जमिनीचा विचार इथं कोणी करत नाही."

दाजींचा शिवण्याचा प्रश्न मी मांडला. त्या हसल्या. "माझे मामाही हेच विचारतात. ते तिकडं अंकाराजवळ सर्जन आहेत."

मामांच्या देशात ही जखम सहसा उघडी ठेवत नाहीत, असे त्यांनी सांगितले. शेजारची कातडी आणि चरबी शंकरपाळ्याच्या आकारात सोडवून घेतात, खड्ड्यात वळवून बसवतात आणि शिवण मधल्या खाचेपासून बाजूला काढतात. (शंकरपाळा हा शब्द माझा. त्यांनी हवेत आकृती काढली.) माणूस लवकर कामाला लागतो, व्रण मात्र मोठा राहतो आणि टाके उसवण्याची धास्ती असते. जर्मनीत पुष्कळ ठिकाणी अजून उघड्या जखमेवर विश्वास आहे. कापणे सोपे, पण भरायला आठवडे, कधी महिने. काही सर्जन आता दोन्ही सोडून नुसती छोटी छिद्रे खरवडून काढतात. आजार लहान असेल तर तेवढ्यावर भागते.

"माझे मामा म्हणतात, तुम्ही जर्मन काम अर्धवट टाकून माणसाला घरी पाठवता. माझे साहेब म्हणतात, तुझे मामा शिंप्याच्या दुकानात शिकले. जेवणाच्या टेबलावर मी हा विषय आता बंद केलाय."

"बरोबर कोण?"

"सर्जन कुठं शिकला त्यावर बरंच ठरतं. आणि घरी पट्टी बदलायला कोण आहे त्यावर. तुमच्या भाच्याला वरच्या मजल्यावर नर्स मिळाली."

जाता जाता त्यांनी एक माहिती दिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना हा आजार इतका झाला की त्याला जीपचा रोग म्हणत. कडक बाकड्यावर बसून खडबडीत रस्त्याने दिवसभर हादरे.

शेवटी मी घरचा प्रश्न विचारला. पाटावर बसेल का?

"बसेल. लग्नापर्यंत जवळजवळ भरलेली असेल. पण मांडी घातली की खाच ताणली जाते आणि नवी कातडी कोवळी असते. थोडा वेळ बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं."

"थोडा वेळ म्हणजे?"

"एक कप कॉफी संपेपर्यंत."

नानागुरुजींचा संकल्पच तेवढ्यात आटपत नाही.

चुंबळीबद्दल विचारले. मधे भोक असलेल्या उशीबद्दल डॉक्टरांत एकमत नाही, त्या म्हणाल्या. तिच्यामुळेही खाच ताणली जाते असे काहींचे मत आहे. त्याला बरे वाटत असेल तर वापरू द्या. मग त्यांनी मोर कोणी विणला ते विचारले.

मंगळवेढा

परत आलो आणि प्रवासाचा शीण उतरायच्या आत अण्णांचे बोलावणे आले. एकट्याने या, असा निरोप होता. मुलाच्या आईबापांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. मंगळवेढ्याचा रस्ता ज्वारीच्या रानांमधून जातो. काळी, सपाट जमीन, लांबपर्यंत एकही आडोसा नाही. दडवादडवीला हा मुलूख सोयीचा नाही.

अण्णांची धान्याची पेढी आहे. ते गादीवर बसले होते. चहा आला, पण त्यांनी कपाला हात लावला नाही.

"पावणं, तुमी पेपरवालं. खोटं बोलणार न्हाय म्हणून तुमालाच बोलीवलं. पोरगं चालतंय का?"

"चालतो."

"जिनं चढतंय?"

"चढतो. उभाच असतो दिवसभर. बसत नाही फक्त."

"बसत न्हाय म्हंजी?" अण्णांचा चेहरा पडला. "कंबरडं मोडलंय म्हना की मग."

इथे ताईची आवृत्ती मागे घेणे भाग होते. मी ठिकाण, कारण, उपाय आणि सद्यःस्थिती या क्रमाने सगळे सांगितले. कुठलेही विशेषण वापरले नाही. पेढीवरचे दोन हमाल पोती टेकवून ऐकत उभे राहिले.

अण्णांनी मांडीवर थाप मारली आणि आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले.

"अगं ए! भाईर ये! जावयाला आपल्यावानीच झालंय की!"

त्यांच्या पत्नी दारात आल्या. "काय झालंय?"

"वडापचं!"

"अगोबाई," त्या म्हणाल्या. "मग एवढं लपवायला काय झालं होतं त्यांना?"

उलगडा असा. पेढी काढण्याआधी अण्णा वडापची, म्हणजे वाटेत भेटतील ते प्रवासी कोंबून नेणारी, जीप चालवत. टेंभुर्णीपर्यंत रोजच्या खेपा, सीटचा स्पंज कधीच निघून गेलेला, खाली पत्रा. त्यांनाही त्याच जागी तेच झाले. त्यांनी एका वैद्यांकडे क्षारसूत्र घेतले. औषध चढवलेला दोरा छिद्रातून घालून बांधायचा, आठवड्याला बदलायचा, तो हळूहळू आतली वाट कापत आणि भरत बाहेर येतो.

"वैद्याकडं जाताना आपल्याच जीपला मागं लोंबकळून जायाचो, दांडा धरून," अण्णा म्हणाले. "पॅशिंजर म्हणायचं, मालक मागं आन् किलीनर ष्टेरिंगवर! लई हसायचं."

मी अमेरिकी सैनिकांची आणि डॉक्टरांच्या तुर्की मामांची गोष्ट सांगितली. अण्णांनी मान डोलावली. सैनिकांबद्दल त्यांना आपुलकी वाटलेली दिसली.

"तितं उघडं ठिवत्यात, तुमच्या त्या तुर्काकडं शंकरपाळी करत्यात, आन् हितं दोरा. रोग येकच की वो!" त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. "लग्न ठरल्या दिवशी हुईल. फकस्त त्या गुरुजीला कोन सांगणार?"

सोलापूर, पुन्हा

नानागुरुजींना आम्ही घरी बोलावले. ताई, दाजी, अण्णा, मी आणि पालथा पडून फोन बघणारा ओंकार, जो आदल्या दिवशी आला होता. जखमेत आता तीळ मावला असता. हेल्गाबाईंनी निघताना त्याला कापसाचा साठा दिला होता आणि बदल्यात कडक भाकरी मागितल्या होत्या.

"मुलाला मधूनमधून उठू द्यावं लागेल," दाजी म्हणाले. "त्याच्या पाठीला..."

"पाठ न्हाय वो," अण्णा म्हणाले.

"संकल्प सोडून उठायचं?" गुरुजींचा आवाज चढला. "विधी म्हणजे काय एसटीचा थांबा आहे? उतरा, पाय मोकळे करा, पुन्हा चढा? जमायचं नाही. दुसरा बघा कोणी."

ताईच्या डोळ्यांत पाणी आले. दुसरा गुरुजी एवढ्या थोड्या दिवसांत मिळणार नव्हता. दाजी पुन्हा पाठीकडे वळणार, तेवढ्यात अण्णांनी सूत्रे हातात घेतली. त्यांनी जागा सांगितली. नुसती सांगितली नाही, वळून स्वतःवर दाखवली. ताईने पदर तोंडाला लावला.

गुरुजींनी ओंकारकडे पाहिले. मग आवाज खाली आणून विचारले, "बसताना दुखतं का उठताना?"

"दोन्ही वेळा," ओंकार म्हणाला. "आता कमी आहे. चुंबळ आहे ना."

"कसली चुंबळ?"

ती आणली गेली. गुरुजींनी मोर पाहिला, टाके पाहिले, मधल्या जागेत मूठ घालून पाहिली. मग पाटावर चुंबळ ठेवून ते तिच्यावर बसले. त्यांचे डोळे मिटले. आम्हाला वाटले मंत्र म्हणतायत. मंत्र म्हणत नव्हते.

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाट, पाट आणि पाट," डोळे न उघडता ते म्हणाले. "माकडहाड ठणकतं. घरी वाताचा काढा देतात. कोणाला सांगायचं?"

ताई आत गेली आणि कपाटातली चादर घेऊन आली. सुई-दोरा तिच्या दुसऱ्या हातात होता.

"शास्त्रात सोय आहे," गुरुजी थोड्या वेळाने म्हणाले. "प्रत्येक विधीनंतर उभं राहून देवाब्राह्मणांना नमस्कार. मुळात तसंच आहे. लोकांनी सोडून दिलं."

ते शास्त्रात नेमके कुठे आहे, हे मी विचारले नाही. बातमी चांगली होती आणि स्रोत एकच होता.

लग्न ठरल्या दिवशी झाले. नमस्कार इतके झाले की पहिल्या रांगेतली ज्येष्ठ मंडळी दरवेळी उठायची की नाही या संभ्रमात निम्मीच उठत होती. नवरा आपल्यापेक्षा उंच बसणार हे कळल्यावर शर्वरीनेही चुंबळ मागितली आणि गुरुजींची व अण्णांची वळून झालेल्या ताईला पहाटे उठून चौथी वळावी लागली. ओंकार शेवटपर्यंत बसला.

लग्नाचा एक फोटो मी आमच्या जुन्या दैनिकाला पाठवला आहे. होमाभोवती घरातली सगळी मंडळी बसली आहेत. नवरा, नवरी, नवरीचे वडील आणि गुरुजी हे चौघे इतरांपेक्षा थोडे उंच दिसतात. खालच्या ओळीत नावे डावीकडून बरोबर दिली आहेत. उंचीचे कारण दिलेले नाही. विचारले तर ताई स्वतःच सांगते, जागेच्या नावासकट.